पाणी आहे का? मोटारीवर बसून शिकलेली जपानी

रब्बीचे दिवस होते. आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रपाळीची लाईट. बारा वाजता लाईट आली, मोटार चालू केली आणि मी व माझा धाकटा पुतण्या गव्हाला पाणी द्यायला लागलो. मी वरच्या अंगाला, तो खालच्या अंगाला. पोरगं बारे मोडता मोडता एका कानात मोबाईलची दोरी घालून काहीतरी पुटपुटत होतं. ‘मिझु... मिझु... मिझु गा आरिमास का...’ मला वाटले, सिनेमातले गाणे असेल. जवळ गेल्यावर विचारले, “काहून बडबड करायलास रे?”

“काका, जपानी शिकायलोय. मिझु म्हणजे पाणी.”

मी हसलो. खोटे कशाला सांगू, चार पावले चालून पुन्हा हसलो. पोराचे आयटीआय झालेले. जमीन म्हणाल तर वाटण्या होऊन जेमतेम तीन एकर. त्यातली मोसंबी २०१२-१३ च्या दुष्काळात गेली. त्या साली आपल्या जिल्ह्यात किती बागांवर कुऱ्हाड चालली, ते वाचकांना मी सांगायला नको. ज्यांनी टँकरने झाडे जगवायचा प्रयत्न केला त्यांना तर नकोच. अशा घरातले पोरगे रात्री दोन वाजता गव्हात उभे राहून जपानी बोलते, याला काय म्हणावे? पण त्याने मला जे वाक्य शिकवले ते ऐकून माझे हसू थांबले. ‘मिझु गा आरिमास का?’ म्हणजे ‘पाणी आहे का?’ शब्दाला शब्द. मिझु म्हणजे पाणी, आरिमास म्हणजे आहे, आणि शेवटचा ‘का’ म्हणजे आपलाच ‘का’!

त्या रात्रीपासून मीही शिकायला बसलो. त्याला आता दोन वर्षे होत आली. जे अनुभवाला आले आणि जे माहितीतले आहे, ते शेतकरी बांधवांसमोर आणि गावकारभाऱ्यांसमोर ठेवतो.

शेजारच्या गाडीवाटची गोष्ट

खेड्यात बसून परदेशी भाषा शिकणे हे काही आमच्या पुतण्याने पहिल्यांदा केलेले नाही. शेजारच्या जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, की तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकायची? बहुतेक मुलांनी जपानी सांगितली. कारण विचारले तर मुले म्हणाली, यंत्रमानव आणि नवे तंत्रज्ञान शिकायचे आहे. आता जिथे गावाला जायला रस्ता धड नव्हता, तिथे जपानीचा मास्तर कुठून आणायचा? पुस्तक नाही, अभ्यासक्रम नाही. पण शाळेत इंटरनेट होते. गुरुजींनी व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप शोधली आणि सुरुवात केली.

पुढे २०२० साली कोरोनाने शाळा बंद झाल्या. शहरातल्या एका जपानीच्या जाणकारांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी एक पैसा न घेता या मुलांचे ऑनलाइन वर्ग सुरू केले. अडचण अशी, की सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नाही. त्यावर शाळेने ‘विषयमित्र’ काढले. ज्याच्या घरी फोन आहे त्याने वर्ग ऐकायचा आणि ज्याच्याकडे नाही त्याला नंतर शिकवायचे. माझ्या मते गाडीवाटच्या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट. कारण दुसऱ्याला शिकवताना आपले पक्के होते आणि फोन नाही म्हणून कोणी मागे राहत नाही. आपल्या आठही तालुक्यांतल्या शाळांना हे करता येण्यासारखे आहे.

मराठी माणसाला जपानी सोपी का जाते

जपानी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर ती काटक्याकुटक्यांची लिपी येते आणि माणूस तिथेच माघार घेतो. पण बोलायच्या भाषेकडे आधी पाहा.

इंग्रजीत आपल्या पोरांची गाडी कुठे अडते? ‘मी खातो संत्रे’ असा उलटा क्रम लावावा लागतो तिथे. जपानीत तसे नाही. ‘वाताशी वा मिकान ओ ताबेमास.’ वाताशी म्हणजे मी, मिकान म्हणजे त्यांच्याकडचे संत्रे, ताबेमास म्हणजे खातो. मी, संत्रे, खातो. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. इंग्रजीत शब्दाच्या आधी चिकटणारी ‘फ्रॉम’, ‘टू’ ही मंडळी जपानीत आपल्या प्रत्ययांसारखी मागून येतात. ‘जालना कारा, मुंबई मादे’ म्हणजे जालन्यापासून मुंबईपर्यंत. वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. शेवटी ‘ने’ लावला की आपला ‘ना’ झाला. ‘सामुई देस ने’ म्हणजे ‘थंडी आहे ना!’ मोठ्या माणसाच्या नावापुढे ‘सान’ लावायचे, जसे आपण ‘राव’ लावतो. तानाका-सान म्हणजे आपल्या भाषेत तानाकाराव. घरच्याशी बोलायचे वेगळे, साहेबाशी बोलायचे वेगळे. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे तसेच, फक्त त्यांचे प्रकरण जरा जास्त बारकाईचे.

उच्चारातही आपला फायदा आहे. जपानीत एक ‘त्सु’ असा उच्चार आहे. तो अनेकांच्या जिभेला जड जातो. पण आपण ‘चूल’ म्हणतो, ‘चाक’ म्हणतो, तेव्हा तोच ‘च’ उच्चारतो. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाका’तला वेगळा, हे मराठी पोराला कुणी शिकवावे लागत नाही.

आणि बाराखडी! जपानीची अक्षरे दोन संचांत आहेत, प्रत्येकात मूळ अक्षरे ४६. ती पाठ करायचा क्रम काय, तर आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ऐकल्यावर ओळखीचे वाटते की नाही? वाटणारच. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातली सिद्धम लिपी चीनमार्गे जपानात गेली. तिथल्या भिक्षूंनी ती अभ्यासली आणि आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर स्वतःची अक्षरे ओळीने लावली. म्हणजे आपण शाळेच्या ओट्यावर बसून जे घोकले, त्याचाच सांगाडा त्यांच्याकडे आहे. (भाषा मात्र एका कुळातल्या नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. ‘का’ आणि ‘ना’ जुळतात हा योगायोग. पण फायद्याचा योगायोग कोण सोडतो?)

अवघड आहे ती चिनी चित्रलिपी, कांजी. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवून दिलेल्या कांजी २,१३६ आहेत. आकडा ऐकून पुतण्यालाही घाम फुटला होता. पण त्यातही शेतकऱ्याला धरायला बांध सापडतो. ‘ता’ म्हणजे भाताचे शेत. त्याचे चिन्ह कसे, तर एक चौकोन आणि आत अधिकची खूण, म्हणजे चार वाफे आणि मधले बांध. या शेताच्या डाव्या बाजूला ‘आग’ काढली की झाले ‘हाताके’, म्हणजे कोरडे शेत, आपल्या भाषेत जिरायत. पूर्वी जाळून साफ केलेली जमीन, म्हणून आग. शेताच्या खाली ‘ताकद’ लिहिली की ‘ओतोको’, म्हणजे पुरुष. शेतात ताकद लावतो तो पुरुष! आपल्या घरातल्या बायांनी हे ऐकले तर त्या जपान्यांना चार शब्द सुनावतील, ते वेगळे.

आता दारातल्या वाहनांकडे बघा. होंडा हे मुळात आडनाव, ‘होन’ म्हणजे मूळ आणि ‘दा’ म्हणजे शेत. टोयोटा हे नाव ज्या आडनावावरून आले त्याचा अर्थ भरघोस पिकाचे शेत. कुबोटाचा ट्रॅक्टर बघितला असेल, त्याच्याही शेवटी तेच चौकोनी शेत. ज्या नावांच्या गाड्या आपण रोज चालवतो, ती सगळी शेतकऱ्यांची नावे निघाली. हे कळल्यापासून पुतण्याच्या वहीत पहिल्या पानावर मोठ्ठे चौकोनी शेत काढलेले आहे.

फुकटात काय मिळते आणि पैसे कुठे बुडतात

साधने भरपूर आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. जपानच्या आकाशवाणीची, म्हणजे एनएचकेची, हिंदी सेवा आहे. तिच्यावर सोप्या जपानीचे छोटे छोटे धडे हिंदीतून ऐकता येतात. इंग्रजी कच्चे असलेल्यांनी सुरुवात इथून करावी. जपान फाउंडेशन या तिथल्या सरकारी संस्थेने ‘इरोदोरी’ नावाची पुस्तके काढली आहेत. जपानात राहून काम करणाऱ्याला रोज काय बोलावे लागेल, तेच त्यात आहे: दुकान, दवाखाना, कामावरची सूचना, शेजारी. पुस्तक आणि आवाज दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. त्याच संस्थेचा ‘मिनातो’ नावाचा ऑनलाइन वर्गही आहे. शब्द पाठ करायला ‘अँकी’ नावाचे ॲप चांगले. ते काय करते, तर आलेला शब्द चार दिवसांनी विचारते आणि न आलेला उद्याच विचारते. आपल्या गुरुजींची पाढ्यांची उजळणी अशीच चालायची, फक्त यात छडी नाही.

गावात रेंज दगा देते. म्हणून तालुक्याला बाजाराला गेले, की आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून घ्यावेत. आमच्या मळ्यात तर विहिरीच्या काठावर एकच जागा आहे जिथे रेंज येते. तिथे सगळे कुटुंब रांगेत उभे राहते.

आता चूक सांगतो, ती माझीच. सहा महिने झाल्यावर मला वाटले, फुकटचे ते पौष्टिक नसते. शहरातल्या एका क्लासला ऑनलाइन प्रवेश घेतला आणि कापसाच्या पट्टीतून आलेले नऊ हजार रुपये भरले. नव्वद दिवसांत परीक्षा पास, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या आठवड्यात मास्तर दिसले, नंतर फक्त ध्वनिचित्रफिती येऊ लागल्या. महिनाभराने बघतो तर त्यातल्या निम्म्या बाहेर फुकट मिळणाऱ्याच! पैसे परत मागितले तर म्हणाले, नियमात बसत नाही. पुतण्या काही बोलला नाही, पण माझ्या वहिनीने बोलायचे ते सगळे बोलून घेतले.

सगळे क्लास असे असतात असे मात्र म्हणणार नाही. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, चांगले शिक्षक तिथून ऑनलाइनही शिकवतात. माझे म्हणणे एवढेच, की अक्षरे, आकडे आणि पहिले चारशे-पाचशे शब्द होईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नयेत. तेवढे झाल्यावर मात्र माणूस लागतो. कारण फोन आपला उच्चार ऐकून ‘शाबास’ म्हणतो, आणि तोच उच्चार खऱ्या माणसाला कळत नाही. भाषांतराच्या ॲपवरही फार विसंबू नये. ‘कपाशीला पाळी घातली’ हे वाक्य मी एकदा त्यात टाकले. जे निघाले ते या पानावर छापण्यासारखे नाही.

वेळ किती लागतो? नोकरीपुरत्या पातळीला साधारण तीनशे तास धरावेत. रोज एक तास म्हटले तर वर्ष लागते. पण शेतकऱ्याचे वर्ष सरळ नसते. पेरणीत महिना जातो, वेचणीत महिना जातो, घरात लग्न निघाले की पंधरा दिवस. म्हणून आम्ही दीड ते दोन वर्षे धरली. नव्वद दिवसांत होईल म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

शिकून पुढे काय?

हा प्रश्न पारावर रोज होतो, आणि तो रास्त आहे. जपानात माणूस कमी पडत चालला आहे. तिथल्या मुख्य शेतकऱ्यांचे सरासरी वय ६८-६९ वर्षांवर गेले आहे. पोरे शहरात गेली, म्हातारी माणसे शेतात राहिली. (वाचून कुठल्या गावाची आठवण झाली?) म्हणून जपानने एप्रिल २०१९ पासून ‘तोकुतेई गिनो’, म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, हॉटेल यांच्याबरोबर शेती हेही त्यातले एक क्षेत्र आहे. पीक लागवड आणि पशुपालन दोन्ही. भारत आणि जपान यांच्यात याबाबत जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची देवाणघेवाण करायचे जाहीर केले, त्यात भारतातून जाणारे ५० हजार कुशल लोक धरले आहेत.

अट काय? वय १८ पूर्ण. त्या त्या कामाची कौशल्य चाचणी. आणि भाषा: ‘जेएलपीटी’ या परीक्षेची एन-४ पातळी, किंवा संगणकावर होणारी ‘जेएफटी बेसिक’ परीक्षा. जेएलपीटीच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुण्या-मुंबईला केंद्र आहे. पगार त्याच कामावरच्या जपानी माणसापेक्षा कमी देता येत नाही, असा नियम आहे.

हे झाले उजवे. डावेही बघा. हा पहिला व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा. बायको-मुलांना बरोबर नेता येत नाही. काम अंगमेहनतीचे आणि घड्याळावरचे. उत्तरेकडच्या भागात बर्फ पडतो. आपण जालन्याच्या उन्हात वाढलेली माणसे. पुढची पायरी म्हणून दुसऱ्या प्रकारचा व्हिसा २०२३ मध्ये शेतीलाही खुला झाला, त्यात कुटुंब नेता येते, पण त्याची परीक्षा आणखी कडक. शिकाऊ कामगार म्हणून नेण्याची जुनी पद्धत मोडून एप्रिल २०२७ पासून नवी आणण्याचा कायदाही जपानने २०२४ मध्ये केला. म्हणजे कुणी जुन्या योजनेची कागदे दाखवून पैसे मागत असेल तर आधी तारीख वाचा.

आणि इथेच खरा धोका आहे. परदेशी नोकरीच्या नावाखाली तीन लाख, चार लाख मागणारे फिरत असतात. माणूस जमीन गहाण टाकतो, नाहीतर बाईच्या अंगावरचे मोडतो. कायदा काय सांगतो? परदेशात भरती करणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. एजंटाला घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये, अधिक जीएसटी. तक्रार करायची तर मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे. भाषेची परीक्षा ज्याची त्याने द्यायची असते. ‘परीक्षेशिवाय पाठवतो’ म्हणणारा माणूस आला, की त्याला चहा पाजावा आणि यष्टीत बसवून द्यावा. पोलिस पाटलांनी त्याचे नाव-गाव लिहून ठेवले तर आणखी बरे.

जर्मनीचेही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण आणि त्यांना मोफत जर्मन, असे ठरले होते. करार हा करार असतो, नेमणुकीचे पत्र नव्हे. नाव नोंदवताना हे ध्यानात ठेवावे. भाषा मात्र वाया जात नाही. ‘डॉइच वेले’ या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा फुकटचा वर्ग आहे. विमानतळावर बॅग हरवलेल्या निको नावाच्या पोराची गोष्टच आहे ती. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून हिंदीवाले रडतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून येते. ‘दास किंड’ म्हणजे ‘ते मूल’, इथे तर लिंगही जुळते. पण फार आनंदू नका, त्यांचा सूर्य बाई आहे.

हे आपल्याला नवे नाही

‘आमच्या अडाणी माणसाला परकी भाषा कुठे येती?’ असे एक सरपंच मला म्हणाले. मी त्यांना रेशीमवाल्यांची आठवण दिली. आपल्या जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ २०१८ मध्ये सुरू झाली. त्याआधी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागायचे. रात्रभर प्रवास, पोत्यावर डोके ठेवून झोप, आणि सकाळी कानडीत बोली. ज्यांनी त्या वाऱ्या केल्या त्यांना ओंदु, एरडु, मूरु कुणी शिकवले? गरजेने शिकवले. भाव कळला नाही तर किलोमागे मार बसतो, हे एकदा कळले की भाषा आपोआप कानात शिरते. आणि गंमत अशी, की जे दुबार जातीचे पांढरे कोष आपण घेतो, त्यांचे चांगले संकर म्हैसूरच्या संशोधन संस्थेत तयार झाले ते जपानी तज्ज्ञांच्या साथीने, १९९० च्या दशकात. तुतीच्या पानाआडून जपान आपल्या घरात केव्हाच आले आहे.

त्याहून जुने सांगायचे तर आपले भोकरदन. जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्या भोगवर्धनकरांची नावे कोरलेली आहेत. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई या गाडलेल्या शहरात मिळाली. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडले गेले ते इसवी सन ७९ साली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या भागाचा समुद्रापलीकडच्या मुलखाशी व्यवहार होता. व्यवहार होता तर बोलणारे दुभाषेही असतीलच.

गावकारभाऱ्यांना करता येईल असे फार काही खर्चाचे नाही. ग्रामपंचायतीला इंटरनेटची जोडणी आलेली असेल, तर ती संध्याकाळी कुलपात का राहावी? एक खोली, एक दिवा, एक मोठा आवाज देणारा स्पीकर आणि आठ ते नऊची वेळ. ‘ड’ वर्गाचे का असेना, वाचनालय असेल तर तिथे इरोदोरीची दोन-तीन पुस्तके छापून ठेवता येतात. ग्रामपंचायत अधिकारी (आपले कालपर्यंतचे ग्रामसेवक) आणि शाळेचे गुरुजी यांनी मिळून विषयमित्र नेमावेत. मुलींनाही बोलवावे. शुश्रूषेच्या कामाला तिकडे मागणी आहे आणि नर्सिंग केलेल्या मुली आपल्या गावात आहेत. एक उणीव मात्र मोठी आहे. हे सगळे साहित्य इंग्रजीतून किंवा हिंदीतून आहे, मराठीतून फार थोडे. ‘आरिमास का’ म्हणजे ‘आहे का’ हे मराठीत सांगितले तर एका मिनिटात कळते, तेच इंग्रजीतून समजायला पाव तास लागतो. आपल्या विद्यापीठांनी एवढे एक काम हाती घेतले तर बरे होईल.

पोरे परदेशी गेली तर शेती कोण करणार, असेही लोक विचारतात. याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. पुतण्या म्हणतो, पाच वर्षे जातो, शेततळे आणि नवी बाग एवढे पैसे घेऊन येतो. जपानमधल्या शिकोकु बेटावर फुकुओका नावाचे शेतकरी होऊन गेले, २००८ मध्ये वारले. नैसर्गिक शेतीमुळे त्यांचे नाव आपल्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. त्यांची बाग संत्रावर्गीय फळांचीच होती. ती कशी राखत, ते तिथे जाऊन बघायचे, असे पोराच्या मनात आहे. त्याची आई म्हणते, आधी पास हो.

गेल्या डिसेंबरात तो एन-५ पास झाला. आता एन-४ चा अभ्यास चालू आहे. मी अजून एन-५ लाच अडकलेलो. कांजी लक्षात राहतात, पण वस्तू मोजायच्या वेगवेगळ्या तऱ्हा राहत नाहीत. लांब वस्तूला ‘होन’, पातळ पसरट वस्तूला ‘माई’, बारक्या जनावराला ‘हिकी’, गाई-म्हशीला ‘तो’. मी एकदा म्हैस कागदासारखी मोजली आणि पोरगे बांधावर लोळून हसले.

परवा पुन्हा रात्रीची लाईट होती. मी विहिरीवर, पुतण्या पार खालच्या टोकाला. मोटार आवाज करत होती, पण पाईपात धार दिसेना. फूटव्हॉल्व्ह उघडा पडला होता. तेवढ्यात अंधारातून आरोळी आली, “काका, मिझु गा आरु का?”

जपानीत घरच्या बोलण्यात ‘नाही’ला काय म्हणतात, ते मला तोंडपाठ आहे. आपल्या जालन्याच्या बोलीत म्हणतात तेच. मी विहिरीवरून ओरडलो, “नाई!”